ब्रेकचा दिवा

“बॉनेट कोणी उघडलं होतं?” मेकॅनिकने विचारलं, आणि चकचकवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाडी मास्तरीणबाईंची. सकाळी फाटकातून आत आली ती थांबलीच नाही. आता तिचं नाक भिंतीला टेकलेलं होतं आणि हेडलाइटच्या काचा अंगणभर झाल्या होत्या. बाईंना खरचटलंही नव्हतं. त्या पायरीवर बसून पाणी पीत होत्या.

“मी उघडलं,” तो म्हणाला. “चोरी केली की काय?”

दारोदार जाऊन गाड्या धुवायच्या, पुसायच्या, चमकवायच्या, हा त्याचा धंदा. म्हणून सगळे त्याला चकचकवाला म्हणत. गेल्या वर्षी त्याने धुण्याच्या जोडीला चार कामं वाढवली. चाकांची हवा, वायपर, बॅटरीचं पाणी, ब्रेकचं तेल. लोक खूश होते. दारातच सगळं उरकत होतं. मेकॅनिकच्या मात्र तेव्हापासून पोटात दुखत होतं. धुणाऱ्याने धुवावं, इंजिनाच्या वाटेला जाऊ नये, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला होता. आज त्याचं फावणार होतं. ही धडक चकचकवाल्याच्या नावावर लागली, तर चारही कामं बंद. नाव गेलं की धंदा गेलाच.

“बाई, तुम्हीच सांगा,” त्याने आवाज चढवला. “ब्रेकचा लाल दिवा लागतोय म्हणून तुम्ही घाबरला होतात. मी दोनदा तेल भरून दिलं. पुन्हा लागला का दिवा?”

“नाही लागला,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर मी निर्धास्त होते.”

“ऐकलंस?” तो मेकॅनिकवर ओरडला. “घे, आता फिर गावभर सांगत.”

मेकॅनिकने आवाज वाढवला नाही. चाकातून काढलेला ब्रेक पॅड त्याने चकचकवाल्याच्या तळहातावर ठेवला. जाड असायला हवा तो, पण झिजून नुसता पत्रा उरला होता.

“पॅड झिजले की तेल खाली उतरतं. तेल उतरलं की दिवा लागतो. गाडी बोंबलून सांगत होती रे, ब्रेक संपलेत म्हणून. तू वरून तेल ओतून तिचं तोंड बंद केलंस.”

चकचकवाल्याच्या तोंडात शिव्या तयार होत्या. त्या कोणाला घालाव्यात, तेच त्याला कळेना. रागाने त्याचे कान तापले होते आणि तो राग आता त्याचा त्यालाच चावत होता. तेल ओतून दिवा विझवलेल्या अशा आणखी दोन गाड्या होत्या.

त्याने तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. पहिली गाडी घरीच उभी होती. दुसरी कापडदुकानवाल्या शेठची. या शेठच्या गळ्यात तो दर आठवड्याला काही ना काही मारत आला होता. बऱ्याच वेळाने फोन उचलला गेला. मागे पोरांचा गलका चालला होता.

“शेठ, गाडी थांबवा. आत्ताच्या आत्ता. तुमचे ब्रेक...”

“अरे, घाट उतरतोय आम्ही,” शेठ वैतागून म्हणाले. “आज आणखी काय विकायचंय तुला?”

आणि त्यांनी फोन कापला.