वेल्टरहाउसची फीत

मधूने पुष्पचक्र स्मारकाच्या खांबाच्या पायथ्याशी ठेवलं, त्याच्या दोन्ही पांढऱ्या फिती सरळ केल्या, मान खाली घालून मनात तीनपर्यंत मोजलं आणि दोन पावलं मागे आला. सगळं शिकवल्याबरहुकूम. फितींवरची सोनेरी अक्षरं शेवटच्या रांगेतूनही वाचता येत होती : वेल्टरहाउस आणि पुत्र.

२००६ च्या नोव्हेंबरातला रविवार. जर्मनीतल्या आखनजवळच्या त्या गावात दर वर्षी या दिवशी युद्धात मेलेल्यांची आठवण काढत, आणि पुष्पचक्र ठेवायचा मान वेल्टरहाउसच्या कारखान्यातल्या कुणाला तरी मिळे. यंदा तो वेल्टरहाउस साहेबांनी मधूला दिला होता. मधूच्या कायम नोकरीचा कागदही त्यांच्याच टेबलावर होता. सही सोमवारी व्हायची होती.

साहेब भाषणाला उभे राहिले. काळा कोट बेतून शिवलेला, चेहऱ्यावरचं दुःख मात्र भाड्याने आणल्यासारखं.

"काय म्हणतोय रे?" शेजारी येऊन बसलेल्या मधूला यमुनाबाईंनी विचारलं. त्या सांगलीहून लेकाकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. नऊवारी, त्यावर सुनेचा कोट.

"म्हणतात, एकोणीसशे चौदा साली युद्ध वादळासारखं आलं. कुणालाच नको होतं."

"हो का! मग तोफगोळे काय गारांसारखे पडले?"

"इथेच बनायचे. यांच्या आजोबांच्या कारखान्यात. आई, हळू बोल."

"आणि हा खांब?"

"तोही आजोबांनीच दिला. युद्ध संपल्यावर."

यमुनाबाईंना जर्मनचा गंध नव्हता. पण खांबावर कोरलेल्या नावांत एकाखाली एक तीनदा आलेलं तेच आडनाव ओळखायला भाषा कशाला लागते? "सख्खे भाऊ?" त्यांनी विचारलं. मधूने होकारार्थी मान हलवली. त्या सगळ्या पोरांच्या वर, वीतभर अक्षरांत, खांब देणाऱ्याचं नाव होतं.

"मेल्यावरसुद्धा याच्या हाताखालीच," यमुनाबाई म्हणाल्या.

पुढच्या रांगेत मधूच्या शेजारीणबाई, फ्राऊ यान्सन, मांडीवर मेणबत्ती घेऊन बसल्या होत्या. वय एक्याण्णव. त्या दोन वर्षांच्या असताना त्यांची आई याच कारखान्यात तोफगोळ्यांत दारू भरता भरता शेडसकट उडाली. ती सैनिक नव्हती, म्हणून खांबावर तिचं नाव नाही. भाषणातही ती आली नाही.

टाळ्या झाल्या.

"संपलं?" यमुनाबाई म्हणाल्या. "अरे, रावणाचं नाव न घेता अख्खं रामायण सांगितलं की याने! आमच्या बुवांनी असं कीर्तन केलं असतं, तर श्रोत्यांनी टाळ हिसकावून घेतले असते."

आणि मधू काही म्हणायच्या आत त्या पुढे गेल्या. पुष्पचक्राच्या फिती सोडवल्या, खांबाच्या पहिल्या पायरीवर आडव्या अंथरल्या, आणि आसनाची घडी मोडावी तशा मायेने तळहाताने सपाट केल्या. अक्षरं वर.

लोक कौतुकाने पाहू लागले. साहेब दात दाखवत मधूजवळ आले. "आठल्ये, आईंना सांगा, फीत वर असते. का ही तुमच्याकडची काही प्रथा आहे?"

'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. साहेब हसले असते, सोमवार सुखाचा गेला असता.

"प्रथाच आहे," तो म्हणाला. जर्मन तो सावकाश बोलला, एक शब्द न गाळता. "आमच्याकडे घाट बांधून देणाऱ्याचं नाव पायरीवर कोरतात. येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाची धूळ लागावी, आणि त्याचं पाप झिजावं म्हणून."

"पाप? कुणाचं?"

"तुमच्या आजोबांचं."

मग पुढच्या रांगेतली खुर्ची कुरकुरली. फ्राऊ यान्सन उठल्या, काठी टेकत पायरीपाशी आल्या. साहेबांनी हात पुढे केला, तो त्यांनी पाहिलाच नाही. सोनेरी अक्षरांवर त्यांनी चिखलाचा एक बूट पुसला. मग दुसरा. आणि मेणबत्ती लावायला वर चढल्या.