हसून मारलेली हाक

बेल वाजली आणि दोन्ही मुली नाहीशा झाल्या. आईला ते कळलंच नाही. ती ओढणी सारखी करत, चेहऱ्यावर बळेबळे हसू आणत दार उघडायला गेली होती.

दारात शिक्षण कार्यालयाच्या तपासनीस बाई उभ्या होत्या. बूट बाहेर काढू का, असं त्यांनी आपणहून विचारलं. बाई स्वभावाने चांगल्या असाव्यात, पण आईला त्यांच्या जागी यमदूत आला असता तरी चाललं असतं. निदान तो तिच्या भाषेत बोलला असता.

नवऱ्याची या देशात बदली झाल्यापासून ती मुलींना घरीच शिकवत होती. तशी रीतसर परवानगी मिळाली होती. फक्त कार्यालयातून कुणीतरी येऊन मुली खरंच शिकतात का ते बघणार आणि मग पुढचं ठरवणार होतं. ‘पुढचं’ म्हणजे काय, ते नवऱ्यालाही नीट सांगता आलं नव्हतं. म्हणून तिने तयारीत काही कसर ठेवली नव्हती. जेवणाच्या टेबलाची शाळा झाली होती. भिंतीला फळा, खिडकीत ओल्या कापसावर रुजत घातलेल्या बिया. खुर्चीत पाय हलवायचे नाहीत, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, ‘मला घरी शिकायला आवडतं’ हे इथल्या भाषेत कसं म्हणायचं, सगळं घोटून झालं होतं.

“मुली कुठे आहेत?” बाईंनी विचारलं.

टेबलाशी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. धाकटीची पेन्सिल गडगडत टेबलाखाली जाऊन पडली होती.

मग आईला आठवलं. इथे आल्या आल्या कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं की, शाळेच्या वेळेत मुलं घरात दिसली तर सरकारी माणसं येऊन घेऊन जातात. शहानिशा करायला भाषा कुठे येत होती? मग तिनेच मुलींना शिकवलं. बेल वाजली की बाथरूममध्ये जायचं, आतून कडी लावायची, दिवा लावायचा नाही. पाढ्यांच्या जोडीने याचीही रोज उजळणी व्हायची. पुढे परवानगी आली, फळा आला, वह्या आल्या, पण ते शिकवलेलं मागे घ्यायचं राहूनच गेलं.

“आत आहेत,” म्हणत ती बाथरूमकडे धावली. बाई मागोमाग आल्या.

“अगं, या बाहेर. बाई आल्यात आपल्याकडे.”

तिने दार ढकलून पाहिलं.

“थोरले, ऐकतेयस ना? मी आहे, आई.”

“त्यांना कोंडून ठेवलंय का?” बाईंचा सूर बदलला होता.

“नाही, नाही. कडी आतून आहे. त्या... खेळतात.”

“अंधारात?”

दाराखालच्या फटीत उजेड नव्हता. बाई गुडघ्यावर बसल्या आणि फटीशी तोंड नेऊन आपल्या भाषेत हळूच म्हणाल्या, “घाबरू नका हं. मी तुम्हाला न्यायला आलेय, असं समजू नका.” अनोळखी आवाज कानावर पडताच आत धाकटीला हुंदका फुटला. लगेच थोरलीने तिचं तोंड दाबून धरलं असावं, कारण तो हुंदका अर्ध्यातच थांबला. बाईंनीही तो ऐकला. त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी पर्समधून फोन काढला.

“मला कार्यालयात कळवावं लागेल,” त्या म्हणाल्या.

आईला जी काही मोडकीतोडकी भाषा येत होती तीही ऐन वेळी दगा देऊन गेली. नको, प्लीज, नको, एवढंच तिला म्हणता आलं. ती दोन्ही हातांनी दार बडवायला लागली.

“उघड आधी! पाया पडते गं तुमच्या, उघडा!”

तेव्हा थोरलीचा आवाज आला. एखाद्या मठ्ठ मुलाला समजावावं तसा, अगदी शांत.

“आई, तूच सांगितलंयस. सगळं ठीक असलं की तू हसून हाक मारणार. घाबरून मारलीस तर कुणीतरी तुला हाक मारायला लावतंय असं समजायचं आणि कितीही बोलावलंस तरी उघडायचं नाही.”

“काय म्हणाली ती?” बाईंनी विचारलं. फोन त्यांच्या कानाशी होता आणि पलीकडे रिंग वाजत होती.

आईने ओढणीने डोळे पुसले, नाक पुसलं. दाराच्या चौकटीला धरून ती सरळ उभी राहिली. या मुलींना हसवण्यासाठी तिने आजवर काय काय सोंगं केली होती. मग आता का जमू नये? तिने श्वास घेतला, ओठ फाकवले आणि हसली. मोठ्याने, बराच वेळ, बाईंच्या डोळ्यांत बघत हसत राहिली. बाई भिंतीला चिकटल्या.

“या गं बायांनो,” ती हसत हसत म्हणाली, “या बाहेर.”

आत कडीवर बोटं वाजली, आणि धाकटीची कुजबुज ऐकू आली.

“ताई, नको उघडूस. ही आपली आई नाहीये.”