पुनवेची पाहणी

भरतीचं पाणी येतं तिथे बांधकामाला बंदी, म्हणून उलव्याच्या हरेशने गेल्याच आठवड्यात प्लॉटवर येणारी खाडी भराव टाकून अडवली होती. आज पर्यावरणवाल्या साहेबांनी 'जमीन कोरडी' एवढं लिहिलं, की त्याचा टॉवर उभा! पाहणीसाठी भटजींना विचारून त्याने पौर्णिमा काढली होती. "पुनवेला? उधान इसरलास रं?" सकाळी आई हसली, पण टॉवरच्या नादात ऐकतो कोण! भरदुपारी मांडवात साहेबांनी पेन उघडलं, तोच भराव फोडून पाणी खळाळत आत शिरलं. त्यांच्या बुटावर काहीतरी टुणकन उडालं. "हे काय?" ते दचकले. हरेशने लहानपणासारखी झेप घेतली, मूठ आवळली आणि चिखलाचा हात नाचवत तो ओरडला, "निवटी, साहेब! भरतीच्या चिखलाबिगर ही मासली जगतच नाय!" साहेबांनी तेवढंच लिहून घेतलं. आई म्हणाली, "आता आनखी चार धर, कालवनाला."