टॅमरॅकच्या मनोऱ्यावरची वही

‘किती माणसं’ या रकान्यात अ‍ॅन्सेल थेयरने ‘१’ लिहिलं. पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं.

पायवाटेच्या तोंडाशी लाकडी पेटीत ही वही असते. वर जाताना नाव, फोन आणि माणसं किती ते लिहायचं. उतरल्यावर नावापुढे खूण करायची. खूण दिसली नाही की वनरक्षक शोध घेतात. दर ऑक्टोबरात टॅमरॅक डोंगर चढणाऱ्या या गटात प्रत्येक घर आपली नोंद वेगळी करतं. गटातल्या नदीनने वाकून तो एकचा आकडा पाहिला आणि तोंड फिरवलं. अ‍ॅन्सेलने ते टिपलं.

दोन वर्षांपूर्वी, अशाच ऑक्टोबरात, संध्याकाळी घरी वनरक्षकाचा फोन आला होता. त्याची बायको लोर्ना याच गटाबरोबर टॅमरॅक चढून आली होती आणि आंघोळीला गेली होती.

“मिसेस थेयर पोचल्या का घरी? वहीत खूण नाही म्हणून विचारतोय.”

“पोचली.”

“बरं झालं. आणि त्यांच्याबरोबरचा माणूस? इथे दोन लिहिलंय.”

अ‍ॅन्सेलने न्हाणीघराच्या बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, “पोचला असेल.”

लोर्ना केस पुसत बाहेर आली. कोण होतं, असं तिने विचारलं. राँग नंबर, असं त्याने सांगितलं. पुढे दीड वर्ष त्याने तिला काही विचारलं नाही. यंदाच्या मार्चमध्ये ती वारली. आता विचारायला गटातले हे सहा जणच उरले होते.

चढ अंगावर येत होता. ओल्या दगडांवर मेपलची पानं पडली होती आणि पाय घसरत होता. अ‍ॅन्सेलचा उजवा गुडघा पहिल्या मैलातच बोलायला लागला. बाकीचे वळणावर त्याच्यासाठी थांबायचे. तो जवळ आला की त्यांचं बोलणं बंद व्हायचं.

“दम खा रे अ‍ॅन्सेल,” नदीन म्हणाली. “डोंगर कुठे पळून जात नाही.”

“माहीत आहे. एकेचाळीस वर्षं खालून बघतोय त्याला.”

लग्न झालं त्या वर्षी तो लोर्नाला म्हणाला होता, पुढच्या ऑक्टोबरात मनोऱ्यावर जाऊ. मग लाकडाच्या गिरणीत नोकरी लागली. गिरणी सुटली तेव्हा गुडघा गेला होता.

सगळ्यांच्या पुढे हॉलिस लाव्हीन चालत होता. पोस्टातून निवृत्त झालेला, उंच, एकटा राहणारा. त्याच्या हातातल्या काठीच्या मुठीला लाल चिकटपट्टी होती. ती पट्टी अ‍ॅन्सेलनेच गुंडाळली होती. लोर्नाच्या काठीला. पुढच्या वळणावर त्याने हॉलिसला गाठलं.

“ही तुझ्याकडे कशी?”

“मागच्या वर्षी माझ्या गाडीत राहिली,” हॉलिस म्हणाला. त्याने मागे पाहिलं नाही. “तुलाच द्यायची होती. घे.”

“राहू दे. चांगली बसलीय तुझ्या हातात.”

हॉलिस काठी टेकत पुढे निघाला.

एका पडलेल्या झाडावर सगळे खायला बसले. अ‍ॅन्सेलने कागदातून सँडविच काढलं.

“एकच आणलंस?” नदीन म्हणाली. “लोर्ना नेहमी दोन...” तिच्या नवऱ्याने तिला कोपराने ढोसलं. ती थर्मासचं झाकण उगाच घट्ट करत बसली.

“दुसरं कुणासाठी?” अ‍ॅन्सेलने विचारलं.

हॉलिस उठला. “वर चल. वर सांगतो.”

उरलेला चढ अ‍ॅन्सेल कुठेही न थांबता चढला. वणव्यावर नजर ठेवायचा तो जुना लोखंडी मनोरा वाऱ्यात कुरकुरत होता. दोघं शिड्या चढून वरच्या खोलीत गेले. खाली सगळं जंगल लाल-पिवळं दिसत होतं. अ‍ॅन्सेलने तिकडे पाहिलंही नाही.

“तूच होतास ना तिच्याबरोबरचा दुसरा?”

“मी?” हॉलिस हसला नाही. खिडकीखाली साखळीने बांधलेली एक वही होती. वर पोचलेले लोक तीत नाव लिहितात. त्याने पानं मागे उलटून दोन वर्षांपूर्वीच्या एका ओळीवर बोट ठेवलं. “हा मी. हॉलिस लाव्हीन, एक. सगळीकडे एकच सापडेल तुला. आता वरची ओळ वाच. शेऱ्यासकट वाच.”

अक्षर लोर्नाचं होतं. लोर्ना थेयर, २. शेरा: अ‍ॅन्सेल मागे राहिलाय. गुडघा दुखतो. येतोय.

अ‍ॅन्सेलने त्याच्या आधीच्या वर्षाचं पान काढलं. लोर्ना थेयर, २. अ‍ॅन्सेल अजून वाटेत आहे.

अशी पाच पानं निघाली. त्यांतलं सगळ्यात अलीकडचं मागच्या ऑक्टोबरातलं. लोर्ना थेयर, २. अ‍ॅन्सेल हळू चालतो, पण शब्दाचा पक्का आहे.

“आम्ही फार पिडायचो तिला,” हॉलिस म्हणाला. “म्हणायचो, बाई, नवरा घरी ठेवतेस आणि वहीत घेऊन फिरतेस. ती म्हणायची, त्याने कबूल केलंय, मी नुसती जागा धरून ठेवतेय. सँडविचसुद्धा दोन आणायची. दुसऱ्याला आम्हाला हात लावू द्यायची नाही.”

ते दुसरं सँडविच दर ऑक्टोबरात पिशवीत चेपून घरी यायचं. रात्रीच्या जेवणाला अ‍ॅन्सेल ते खायचा. एकदा म्हणालाही होता, नेहमी जास्तीचं कशाला करतेस?

हॉलिसने काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि तो शिडी उतरून गेला.

अ‍ॅन्सेलने वहीतलं आजचं पान काढलं. मग त्याने दोरीला बांधलेली पेन्सिल घेतली. तारीख लिहिली. नाव लिहिलं. ‘किती माणसं’ या रकान्याशी हात थांबला. रकाना त्याने मोकळाच सोडला. शेऱ्यात लिहिलं: पोचलो.