नोंद झाली

अपग्रेडनंतर हॉस्पिटलच्या सर्व्हरवरची, वॉर्डांच्या नोंदी सांभाळणारी व्हर्च्युअल मशीन्स रखडली. "त्यापेक्षा पाटीपेन्सिल बरी!" वॉर्डातली सिस्टर फोनवर सर्व्हर सांभाळणाऱ्या इंजिनीअरवर करवादली. "तुमच्याच बाबांचा चार्ट उघडेना. रक्त पातळ करायचं इंजेक्शन खोळंबलंय." इंजिनीअरला कारण सापडलं: नवी आवृत्ती प्रत्येक नोंद डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत थांबते, जुनी ती मेमरीत ठेवूनच 'झाली' म्हणायची. "मॅडम, वीज गेली तर मेमरीतलं सगळं जाईल. यूपीएस दुरुस्तीला गेलाय," सहकारी म्हणाला. "तासाभरापुरतंच," म्हणत तिने जुनी सेटिंग लावली. मशीन्स पळाली. "जादूच केलीत, ताई!" सिस्टर खुलली. "इंजेक्शन दिलं, नोंद केली. ड्युटी संपली." तेवढ्यात दिवे गेले, लगेच आले. सर्व्हर सुरू होईपर्यंत ती वॉर्डाचा नंबर फिरवत राहिली, लागेना. तिचाच फोन वाजला. नवी सिस्टर होती. "ताई, बाबांचं इंजेक्शन राहिलेलं दिसलं. काळजी करू नका, आत्ताच दिलं."