रिकामी पेटी

रविवारी दुपारी तीनला आमच्या गेमचं जुनं जग पुसून नवं सुरू होणार होतं. कोझिकोडहून सर्व्हर मीच चालवते. प्रत्येकाला एक पेटी भरून नव्या जगात नेता येणार होती, म्हणून सगळ्यांची धांदल उडालेली. "शेमिना चेची, बिजीशला वेड लागलंय! हिरे, घोडे, सगळं वाटतोय," कुणीतरी गेमच्या चॅटवर लिहिलं. चेची म्हणजे ताई; सगळे मला तेच म्हणतात. मी बिजीशची पेटी उघडली. रिकामी होती. "अरे, पेटी भर की!" मी लिहिलं. "कशाला, चेची? तिकडे मी नसेनच." तो फक्त गेमबद्दल बोलत नव्हता. त्याचा फोन बंद लागला. घर दोन गल्ल्या सोडून होतं. चप्पलही न घालता पळाले. दार आतून बंद होतं. "बिजीश, दार उघड, नाहीतर अख्खी गल्ली गोळा करेन!" दारावर थापा मारत राहिले. शेवटी कडी सरकली. "चेची," तो म्हणाला, "बसशील का थोडा वेळ?"