दोन दातांना एकच कोड

दाताच्या दवाखान्यात मंजुरी आली, ती बिलिंगवालीने दोनदा वाचली. विमा कंपनीने दोन्ही दातांना पूर्ण कॅप मंजूर केली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं वेगळंच. पडलेल्या दाढेच्या जागी ब्रिज बसायचा, त्याला आधार शेजारच्या दोघींचा. मागची दाढ किडकी, तिला कॅप. पुढची ठणठणीत, तिला फक्त माथ्यावर धातूचा ऑनले. कॅपसाठी दात चारी बाजूंनी घासावा लागतो, ऑनलेचं फक्त वरून घासून भागतं. हिने विम्याच्या अर्जात घाईघाईत दोघींना कॅपचा एकच कोड टाकून दिला होता.

आणि आत खुर्चीवर होते तिचे सख्खे मामा. लग्नकार्यात बाटल्यांची बुचं दातांनी उघडून दाखवणारे. "चांगल्या दाताला धक्का लागणार नाही, मामा, मी आहे ना," असं म्हणून तिनेच त्यांना इथवर ओढून आणलं होतं.

बधिर करायची सुई देऊन डॉक्टरीणबाई काउंटरवर आल्या आणि स्क्रीन बघून थबकल्या.

"पुढच्या दाढेलाही कॅप? कंपनीने परस्पर बदललं वाटतं. सवयच आहे मेल्यांना." त्यांनी नवे हातमोजे चढवले. "असू दे. कॅप तर कॅप."

बिलिंगवालीने नुसती मान हलवली. कंपनी रोजच शिव्या खाते, त्यात आणखी एक. आणि मागच्याच महिन्यात इथल्या एकीला असल्याच चुकीपायी घरी बसवलं होतं.

आत मशीन सुरू झालं. आधी मागची दाढ. ती तर घासायचीच होती, तिचं काही नाही. बिलिंगवाली उठली, बसली, पुन्हा उठली. फोन वाजला तो उचलून तसाच ठेवून दिला. स्टेपलर उघडला, पिना भरलेल्याच होत्या. मशीनचा आवाज एरवी तिच्या डोक्यात जायचा. आज तो थांबू नये असं तिला वाटत होतं.

तो थांबला.

ती धावतच आत गेली. डॉक्टरीणबाई पुढच्या दाढेसाठी मशीनला नवं टोक लावत होत्या.

"मॅडम, थांबा. कंपनीने नाही बदललं. मीच चुकले."

"अगं, हे आत्ता सांगतेस?"

मामांचे डोळे भाचीकडे वळले. डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा टाकला.

"आता पुन्हा अर्ज करा, पुन्हा वाट बघा. तोवर यांनी तात्पुरतं झाकून फिरायचं, आणि वर कंपनी नाही म्हणाली तर? कॅपने काही आभाळ कोसळत नाही."

"पण दाढ चांगली आहे ना, मॅडम?"

"चांगलीच आहे. म्हणून तर कॅप छान बसेल." त्यांनी दिवा जवळ ओढला. "तू बाहेर जा, तुझं नंतर बघू. हं काका, उघडा. मोठ्ठं."

मामांनी तोंड मिटलं. अर्धा जबडा बधिर, ओठ नीट मिटलेत की नाही हे त्यांचं त्यांनाच कळेना. मग त्यांनी हात वर नेला, दोन्ही ओठ चिमटीत घट्ट धरले आणि भाचीकडे बघत तसेच पडून राहिले.